तिसरा ब्रेक

पुढे ओतार, मागे मी.
सकाळपासून मला दिसतोय
तो त्याच्या पाठीवरचा घामाचा नकाशा
आणि मानेवरची एक आडवी सुरकुती,
जी एकोणचाळीस वर्षांत
इतक्या जवळून, इतका वेळ
मी कधी पाहिली नव्हती.

रस्ता त्याचा. दोन्हीकडच्या दऱ्या माझ्या.
"खड्डा!" तो ओरडतो, मी बूड उचलते.
"गाय!" तो ओरडतो, मी घंटी वाजवते.
गाय ढिम्म.
आमच्या जॉर्जियातल्या गाईला
प्रत्येक रस्ता माहेरचाच वाटतो.

नवरा-बायको म्हणजे संसाराची दोन चाकं,
असं म्हणणाऱ्यानं टँडम पाहिलेली नसणार.
चाकं निराळीच असतात. आपण नुसते
एका साखळीत अडकलेले दात.

कुताइसीत, त्सागेरीत, लेंतेखीत,
प्रत्येक गावी बाकावर एक म्हातारा बसलेला
आणि त्याच्याकडे तोच एक विनोद:
"अहो, ती मागची पायडल मारत नाहीये!"
पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा ओठ हलवले.
तिसऱ्यांदा सरळ दोन्ही पाय उचलून
हवेत धरले.
"लामारा!"
मान न वळवता ओतार.
त्याला साखळीतून कळतं.

लेंतेखीनंतर डांबर संपलं
आणि आमचं भांडण सुरू झालं.
फ्लॅट विकायचा, पैसे वाझाला
पोलंडला पाठवायचे, हे त्याचं म्हणणं.
आणि आपण कुठं राहायचं, हे माझं.
चढ वाढत गेला तशी वाक्यं आखूड होत गेली.
"तुझा मुलगा."
"तुझाही."
"श्वास सांभाळ."
टँडमवर भांडून निघून जाता येत नाही.
स्वयंपाकघराला निदान दार असतं.

तारा उतरवून नेल्या त्या वर्षापर्यंत
ओतारनं तिबिलिसीत ट्रॉलीबस चालवली.
शेवटच्या दिवशी केबिनमधला आरसा
स्क्रू काढून घरी आणला होता.
आता तो हँडलला बांधलाय.
मागून येणाऱ्या ट्रकसाठी, म्हणतो.
या खिंडीत ट्रक दोन दिवसांतून एक.
तरी रोज सकाळी तो काच बाहीनं पुसतो,
जरा वर, जरा आत, असा नीट लावतो.
आज चढावर मला त्यात त्याचे डोळे दिसले.
मग त्याला काय दिसत असेल
याचा मी हिशोब केला
(तीस वर्षं बेकरीत हिशोबच लिहिले)
आणि फ्लॅटबद्दल पुढं काही बोलले नाही.

झगारची खिंड आम्ही सायकल ढकलतच चढलो.
धुकं, ओलं गवत, आणि सामानाच्या पिशवीत
एक उकडलेलं अंडं, ज्यावरून
पुन्हा थोडं वाजलं.

उशगुलीत नाझिब्रोलानं जागा दिली.
आधी ती स्वान भाषेत बोलली,
आम्ही राजधानीवाले नुसते बघत राहिलो,
मग आमच्यावर दया येऊन जॉर्जियनमध्ये.
गरम कुबदारी, मीठ, बुरुजाची सावली.
अंगणात उभ्या सायकलभोवती ती दोनदा फिरली,
मागच्या खोगिरावर तळहात ठेवला.
"आमचे घोडे वेगवेगळे होते," म्हणाली.
"त्याचा नेहमी पुढं.
एका वळणावर दिसेनासा झाला,
तो मे महिन्यात सापडला.
तुमचं बरं आहे.
पुढचा हरवत नाही."
आणि बादली उचलून दूध काढायला गेली.

आता उतार.
डावीकडे खोल एंगुरी, पाण्याचा रंग राखेचा.
पुढचे दोन्ही ब्रेक त्याच्या हातात.
तिसरा, चाकं तापू नयेत म्हणून लावलेला,
माझ्या.
मी तो इतका घट्ट धरलाय
की बोटं माझी राहिलेली नाहीत.
"सोड जरा!" ओतार ओरडतो.
आरशात त्याचे डोळे.
"सोड, मी आहे ना!"

तेच तर.
तू आहेस म्हणूनच धरलाय, बाबा.

फ्लॅटचं मेस्तियात बघू.
मी ब्रेक सोडते.
पूर्ण नाही.